आक्काने न म्हटलेलं आमेन

मार्थाआक्का गेल्याचं मला पाणवठ्यावर कळलं. गावच्या विहिरीच्या खालच्या अंगाला, आम्हा ख्रिस्ती आळीतल्या बायांना जिथे उभं राहायची मुभा आहे तिथे, मी घागर घेऊन ताटकळत होते. त्या विहिरीचा रहाट आमच्या हाताला चालत नाही. वरच्या कोणा बाईला दया आली की ती वरून ओतते आणि आम्ही खाली घागर धरतो. स्वराज्य आलं, झेंडावंदन झालं, मी शिकवते त्या शाळेत पोरांना पेढे वाटले, पण ही ओतण्याची रीत जिथल्या तिथे आहे. तर तिथे आमच्या आळीतली राहेल धापा टाकत आली आणि म्हणाली, "सगुणाबाई, आक्का गेली… सकाळी हाक मारली तर उठलीच न्हाई." माझ्या पुढे दोघीजणी होत्या. मी जागची हलले नाही. घागर भरून घेतली आणि मगच निघाले. राहेल माझ्याकडे डोळे फाडून बघत होती. बघू दे! आक्काला शेवटची अंघोळ घालायलाही पाणीच लागणार होतं, आणि ते आमच्या दाराशी नव्हतं. का नव्हतं? आक्कामुळे. तिला माती देईपर्यंत माझी तरी तशी पक्की खात्री होती.

आता महिना उलटून गेला. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर गोड लिहावं, असा या मासिकाच्या पुरवणीचा रिवाज आहे हे मला ठाऊक आहे. मीही दोनदा गोड लिहून पाहिलं आणि दोन्ही वेळा कागद फाडला. खोटं लिहिलेलं आक्काला चाललं नसतं असं म्हणणार होते… पण तेही खरं नाही. खोटं तिला चांगलं चालत होतं, हे मला ती गेल्यावर कळलं. तेव्हा जसं घडलं तसं सांगते, आणि माझा आवाज चढला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव शेवगावच्या पूर्वेला, पाऊस जिकडे यायला कंटाळतो त्या अंगाला. मार्थाआक्का आमची बायबलबाई. म्हणजे शास्त्र वाचून बायांना समजावून सांगायचं, आजारी-पाजाऱ्यांकडे जायचं, हे आमच्या चर्चच्या मंडळीने तिला नेमून दिलेलं काम. नगरच्या मिशनच्या शाळेत ती जेमतेम वाचायला शिकली होती, पण वाचलेलं असं सांगायची की पोळपाटावरची पीठभरली बाईसुद्धा लाटणं हातात घेऊन ऐकत राहावी. बुधवारी दुपारी चर्चच्या ओट्यावर आमचा अभ्यास असे. चर्च म्हणजे काय, एक लांबट खोली आणि वर घंटा. मी नवरा वारल्यावर माझ्या थोरल्या भावाच्या, शमुवेलदादाच्या घरी राहायला आले, तेव्हा कोणाशी बोलायला मागत नव्हते. आक्का दारात उभी राहून म्हणाली, "सगुने, रडायचं आसंल तर रड, पर बुधवारी येऊन रड. तितं सगळ्याच रडक्या हायेत." मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले. तेव्हापासून मी तिची झाले. सख्ख्या बहिणीवर टाकला नसता एवढा भरवसा मी त्या बाईवर टाकला, म्हणून तर हे सगळं इतकं लागतं.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. रॉकेल मिळेना, कापड मिळेना, आणि त्या उन्हाळ्यात पाणीही मिळेना. वरच्या बायाही कावलेल्या, त्या कशाला ओतताहेत! त्याच दिवसांत आक्का आम्हाला नहेम्याची कथा शिकवत होती. परमुलखात राजाची चाकरी करणारा हा माणूस आपल्या पडक्या शहराचा कोट पुन्हा बांधायला येतो. आजूबाजूचे लोक आधी हसतात, मग चिडतात, मग मोडून टाकायला उठतात. तेव्हा ही माणसं देवाची प्रार्थना करतात आणि त्याच दमात पहारेही बसवतात. एका हाताने काम करतात, दुसऱ्या हातात हत्यार धरतात. आक्का तिथे थांबली. पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि म्हणाली, "बायांनो, आपून नुसती प्रार्थनाच करीत आलो. पाटलाच्या सुनेला दया येऊ दे, हीच आपली प्रार्थना. त्यापरीस आपलीच हीर खांदली तर?" म्हातारी साराई म्हणाली, "आन् त्यांनी बुजवली तर?" आक्का म्हणाली, "मग पहारा. आत्ता काय वाचलं म्या?"

पुरुषांना पटवायला थोडे दिवस गेले, पण पटलं. चर्चच्या मागे मंडळीचीच पडीक जागा होती. तिला लागून किसनरावांचा मळा. किसनराव म्हणजे गावातले बडे बागायतदार, मळ्याच्या विहिरीवर त्यांची मोट कायम चालू. त्यांनी पहिल्याच दिवशी बांधावर येऊन सांगितलं, "हितं खांदू नका. माझा झरा तुटंल." आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी हात जोडले, समजावलं, किसनराव ऐकेनात. पण जागा आमची, मग आम्ही खणायला लागलो. सुरुंगाची दारू लढाईमुळे कुठे मिळत नव्हती, म्हणून पहारीने आणि घणाने काम. पुरुष खणायचे, आम्ही पाट्या उचलायचो. दुपारी काम थांबवून सगळे चर्चमध्ये प्रार्थनेला बसत, आणि बाहेर येऊन पाहावं तर उपसलेली माती परत खड्ड्यात! एकदा नाही, वरचेवर. आम्ही डोळे मिटून देवाला हाका मारायचो, तेवढ्यात कोणीतरी येऊन हात साफ करून जायचं.

तेव्हा आक्काने ती रीत काढली. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांनी डोळे मिटायचे, एकाने मात्र मागच्या दाराशी खड्ड्याकडे तोंड करून बसायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. पाळीपाळीने. काही दिसलं तर प्रार्थना कुठेही असो, जोरात 'आमेन' म्हणायचं, की सगळ्यांनी उठून धावायचं. साराईला हे काही पचेना. ती म्हणाली, "डोळं उघडं ठिवून केलेली प्रार्थना देवाला पोचती का गं?" आक्का म्हणाली, "देव काय डोळं मिटून ऐकतो व्हय?" पाळकसाहेबसुद्धा हसले. आणि रीत अशी लागू पडली म्हणता! एका दुपारी पाळकसाहेब आजाऱ्यांसाठी विनवणी करत होते, आणि राहेल दाराशी किंचाळली, "आमेन! आमेन! मेल्यांनो, धावा!" सगळी मंडळी बाहेर. किसनरावांचे दोन गडी हातातली घमेली टाकून असे पळाले की एकाची वहाण खड्ड्यातच राहिली. ती वहाण आम्ही कित्येक दिवस चर्चच्या खिडकीत ठेवली होती. त्यानंतर कोणी फिरकलं नाही. खड्डा दोन पुरुष खोल गेला, तळाची माती ओलसर लागायला लागली. मी त्या ओल्या मातीचा गोळा घरी आणून वहिनीच्या हातावर ठेवला. वहिनी रडली. शमुवेलदादाने तो गोळा हातात घेऊन नुसता दाबला आणि काही न बोलता बाहेर गेला. आनंदाने बोलवेना असेल, असं मला वाटलं.

इथे दादाचं सांगायला हवं. दादा मंडळीचा पंच, बोलायला मृदू, प्रार्थना करायला लागला की बायांच्या डोळ्यांना पदर. पोटाला मात्र किसनरावांचाच मळा. त्यांचं एक वावर तो वाट्याने करायचा आणि मोट चालू असली की पाटाच्या पाण्यावर उभा राहून दारं धरायचा, म्हणजे फावड्याने पाटाचं तोंड एका वाफ्याला उघडायचं आणि तो भरला की मोडून दुसऱ्याला लावायचं. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. घरात चार लेकरं, वहिनी, आणि वर मी.

मग तो उत्तम शुक्रवार आला, प्रभूला क्रूसावर चढवलं तो दिवस. त्या दिवशी भर दुपारी आमची मोठी उपासना असते, प्रभूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर, चांगली तीन तास चालते. दादा तापाने अंथरुणावर होता, निदान घरात तो तसं सांगून झोपला होता. दाराशी डोळे उघडे ठेवून बसायला आक्का स्वतः म्हणाली, "एवढा मोठा दिस. आज मी बसते." आम्ही निर्धास्त. आक्का दाराशी आहे म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? तीन तास मी जेवढे डोळे घट्ट मिटले तेवढे आयुष्यात कधी मिटले नसतील. 'आमेन' झालं ते शेवटचं, नेहमीचं, सगळ्यांनी मिळून म्हटलेलं. बाहेर आलो तर विहीर गढूळ पाण्याने भरलेली. किसनरावांचा पाट फुटून सगळं पाणी आमच्या खड्ड्यात आलं होतं. बांधकाम अजून झालं नव्हतं, चारी बाजूंचा पिवळा मुरूम भिजून धपाधप आत पडत होता आणि काठाला रचलेले दगड त्याच्यामागे. पिण्याला ज्यातलं तांब्याभर मिळत नव्हतं त्या पाण्याने आमची विहीर गिळली. साराई खालीच बसली.

सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं. ती दाराशी तशीच, मांडी घालून. पाळकसाहेब म्हणाले, "मार्थाबाई, तुम्ही पाहिलं नाही?" आक्का म्हणाली, "माजा डोळा लागला."

बस्स, एवढंच. माजा डोळा लागला! जिने पहाऱ्याची रीत काढली तिचाच डोळा लागला, आणि तोही प्रभूच्या क्रूसाच्या घटकेला. पुढच्या आठवड्यात पंच बसले. बायबलबाईचं काम तिच्याकडून काढून घेतलं. त्या पंचांत दादाही होता. मान खाली घालून बसला होता, असं मला कोणी सांगितलं तेव्हा मला त्याचा केवढा उमाळा आला होता! बुधवारचा अभ्यास मोडला. पुरुषांनी पहारी घरी नेल्या आणि पुन्हा काही केल्या खणायला तयार होईनात. आक्का लोकांची दळणं दळून पोट भरू लागली. मी तिच्याशी बोलणं टाकलं नाही, पण बोलले ते टोचूनच. ती पाणवठ्यावर भेटली की मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "उभी राहा गं नीट, डोळा लागायचा." ती घागर दुसऱ्या कमरेवर घ्यायची आणि म्हणायची, "व्हय गं बाय." एकदाही उलटून बोलली नाही. मला वाटायचं, अपराधी माणूस उलटून काय बोलणार. तिने मला फसवलं, आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी झोपेपायी घालवलं, हा राग मी वर्षानुवर्षं जपला. दादाच्या घरात, दादाच्या ताटाशेजारी बसून जपला.

आता तिच्या मातीच्या दिवसाचं. कबर भरली, लोक पांगले. मी परत येताना पाहिलं तर बांधावर किसनराव उभे, डोक्याचं पागोटं हातात. मला म्हणाले, "बाई, मातीला आत येऊ का न्हाई कळंना, म्हनून हितंच हुबा ऱ्हायलो. वैर हुतं आमचं, पर अशी बाई पुन्यांदा हुनार न्हाई." मी म्हटलं, "झोपाळू होती." किसनराव म्हणाले, "झोपाळू? आवं, तुमाला म्हाईत न्हाई व्हय?" मग त्यांनी सांगितलं, जसं काही पीकपाण्याचं सांगावं तसं. त्या दिवशी पाट फुटला नव्हता. शमुवेलदादाने फोडला होता. "म्याच सांगितलं त्याला. हीर झाली तर माझं वावर सोड म्हनलं. मी मोटंवर हुतो, मला समदं दिसत हुतं. त्यानं फावड्यानं पाटाचं त्वांड तुमच्याकडं लावलं, आन् वर बघितलं तर दारात बाई. बाई हुबी ऱ्हायली. तोंड उघडलं तिनं, मला वाटलं आता वरडती. तवा शमुवेलनं फावडं टाकलं आन् हात जोडले. जोडूनच ऱ्हायला. बाईनं लई येळ बघितलं त्याच्याकडं… आन् खाली बसली. तुमच्या घरासाठी सोताचं त्वांड काळं करून घेतलं तिनं."

मला वाटलं होतं की असं काही कळलं तर माणूस ढसाढसा रडत असेल. मला रडू आलं नाही. मला संताप आला, आणि आधी दादाचा नाही, तिचाच आला. आक्का, तुला कोणी सांगितलं होतं माझं घर राखायला? तू ठरवलंस. तू एकटीने, दाराशी बसल्या बसल्या ठरवलंस की शमुवेलला मंडळीबाहेर काढतील, वावर जाईल, पोरं उपाशी राहतील, सगुणा कुठे जाईल. आणि आळीतल्या सगळ्या बायांच्या घागरी तू त्याच्या जोडलेल्या हातांवर ओवाळून टाकल्यास. मला विचारलंस? मी तुझ्या शेजारी बसून शास्त्र शिकले आणि तू मला सांगण्याच्या लायकीची समजली नाहीस. ज्याने बुडवलं त्याच्या हातची भाकरी तू मला इतकी वर्षं खाऊ दिलीस, आणि वर माझे टोमणे ऐकून 'व्हय गं बाय' म्हणत राहिलीस. याला लोक मोठं मन म्हणतील. म्हणोत. मला ते दगा वाटलं, आजही वाटतं. प्रार्थना आणि पहारा, दोन्ही पाहिजे, हे तूच शिकवलंस ना? मग पहारा काय फक्त परक्यांवर ठेवायचा असतो? मी घरी येऊन नहेम्याची कथा पुढे वाचली. तू आम्हाला जिथे सोडलंस त्याच्या पुढे लिहिलं आहे, कोटाच्या आतलीच मोठी माणसं बाहेरच्या वैऱ्याची सोयरी होती, त्याला आतलं सगळं कळवत होती. तो भाग तू आम्हाला कधी शिकवलाच नाहीस.

पुढच्या रविवारी आक्कासाठी स्मरणाची उपासना झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला दादाला उभं केलं. सगळ्यांनी डोळे मिटले. दादाने सुरू केलं, नेहमीच्याच मऊ आवाजात, आमच्या या दुबळ्या बहिणीला, जिच्याकडून एका घटकेला चूक झाली, तिला हे प्रभू, क्षमा… आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले, "आमेन!"

इतक्या वर्षांनी ती हाक कोणी दिली होती, पण कोणी विसरलं नव्हतं. सगळे ताडकन उठले, दाराकडे वळले, बाहेरच्या पडक्या खड्ड्याकडे बघायला लागले. राहेल तर उंबऱ्याबाहेरही गेली. बाहेर कोणी नव्हतं. मी म्हटलं, "तिकडं नका बघू. इकडं बघा." आणि दादाकडे हात केला. म्हटलं, "दादा, क्षमा नंतर माग. आधी पाट कोणी फोडला ते सांग." तो नाही म्हणाला असता तर माझ्याजवळ पुरावा कसला होता? किसनराव थोडेच साक्षीला येणार होते. पण दादा खाली बसला आणि म्हणाला, "सगुने, पोरं हुती गं घरात…" वहिनीच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही. तिलाही ठाऊक नव्हतं.

आक्का ज्याला भ्याली होती ते सगळं झालं. दादाला प्रभुभोजनाच्या भाकरी-प्याल्यापासून दूर ठेवलं आहे. किसनरावांनी मला सांगितलं ते बांधावर, पण दादाने भर मंडळीत तोंड उघडल्याचं कळताच त्यांनी वावर काढून घेतलं. त्याची दोन मोठी पोरं नगरला मिशनच्या बोर्डिंगात गेली. वहिनी माझ्याशी बोलत नाही, आणि मी त्या घरातून निघाले. लोक मला म्हणतात, बघ, हे टाळायला तिने एवढं सोसलं, आणि तू एका शब्दात सगळं मोडलंस. मोडलं खरं. पण मी म्हणते, ते तेव्हाच मोडायला हवं होतं, तेव्हा खाली ओल लागली होती.

मी आता आक्काच्या खोलीत राहते. कोपऱ्यात तिचं जातं आहे, खुंटा हाताने घासून गुळगुळीत झालेला. भिंतीला एक खिडकी, हातभर. जात्यावर बसलं की त्या खिडकीतून काय दिसतं हे मला पहिल्या सकाळी दळायला बसले तेव्हा कळलं: खड्डा, आणि पलीकडे किसनरावांचा बांध. इतकी वर्षं ती रोज तोंड तिकडे करून दळत होती. मी जातं उचलून फिरवायचा विचार केला, पण एकटीला ते हलेना, आणि बोलवायचं कोणाला? मग तसंच दळते.

आम्ही पुन्हा खणतो आहोत. या वेळी बायाच, साराईसुद्धा काठावर बसून पाट्या मोजल्यासारखं करते. किसनराव बांधावर येऊन उभे राहतात, झरा तुटंल म्हणतात, आम्ही ऐकत नाही. दादा सगळ्यांच्या आधी येऊन खाली उतरलेला असतो. त्याला कोणी ये म्हणत नाही, जा म्हणत नाही. तो पाटी भरतो, आम्ही ओढतो. काल तळाला बोटभर पाणी जमलं, गढूळ, पण पाणी. राहेल रडत म्हणाली, स्वच्छ लागलं की पहिली घागर आक्काच्या कबरीवर ओतायची, सगळ्या बायांचं ठरलंय. मी 'नाही' म्हटलं.

पहिलं पाणी मी पिणार आहे, आक्का. उभ्याने, ओंजळीने, पोट भरेपर्यंत. तुझं नंतर बघू.